बोलण्याच्या तारेवरून आलेले इंटरनेट

घरातला संगणक इंटरनेटला पहिल्यांदा जोडला गेला तो टेलिफोनच्या तारेने. संगणकासाठी वेगळी तार तेव्हा कोणाच्या घरापर्यंत आलेली नव्हती. १९७० आणि १९८०च्या दशकांत घरी संगणक बाळगणारे लोक इतके थोडे होते, की त्यांच्यासाठी रस्ते खोदण्याचा खर्च कुठल्याच कंपनीला परवडला नसता. अमेरिका आणि पश्चिम युरोपातल्या बहुतेक घरांत टेलिफोनची तांब्याची तार मात्र आधीच पोचलेली होती. ती टाकली होती माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून. पुढे डायल-अप या नावाने ओळखल्या गेलेल्या जोडणीचा वेग, तिचा खर्च, तिचे मध्येच तुटणे, अगदी तिचा तो कर्कश आवाजसुद्धा या एका गोष्टीतून आला.

माणसाचे बोलणे नीट समजायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंपनसंख्येचा पट्टा पुरतो. टेलिफोन यंत्रणेने तेवढाच पट्टा राखला आणि त्याच्या वरचे-खालचे सगळे छाटून टाकले. त्यामुळे एकाच मोठ्या केबलवरून शेकडो संभाषणे नेता येऊ लागली. संगणकाचे काम मात्र शून्य आणि एक अशा दोनच खुणांवर चालते आणि या खुणा म्हणजे विजेच्या दाबातले सरळ चढउतार असतात. एक्स्चेंजमधली रोहित्रे आणि गाळण्या असे चढउतार पुढे जाऊ देत नाहीत. तेव्हा संगणकाला टेलिफोनवरून काही पाठवायचे असेल, तर त्याचे शून्य आणि एक आधी ऐकू येतील अशा स्वरांत बदलायला हवेत आणि पलीकडे त्या स्वरांचे पुन्हा शून्य-एक करायला हवेत. ही दोन्ही कामे करणारे यंत्र म्हणजे मोडेम.

अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६२ मध्ये बेल १०३ नावाचा मोडेम बाजारात आणला. घरगुती संगणकांचे पहिले दशक त्याच्याच पद्धतीवर चालले, म्हणून त्याचे काम थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. फोन करणारा मोडेम शून्यासाठी १,०७० हर्ट्झचा आणि एकासाठी १,२७० हर्ट्झचा स्वर काढी. फोन घेणारा मोडेम त्याच दोन खुणांसाठी २,०२५ आणि २,२२५ हर्ट्झचे स्वर वापरी. दोघांचे स्वर वेगवेगळ्या उंचीवर असल्याने दोघे एकाच वेळी बोलू शकत आणि एकमेकांचे ऐकूही शकत. चारही स्वर माणसाच्या बोलण्यासाठी राखलेल्या पट्ट्यात आरामात बसत, त्यामुळे टेलिफोनच्या दृष्टीने हे एक साधे संभाषणच होते. वेग होता सेकंदाला ३०० बिट. एका अक्षराचे आठ बिट, शिवाय ते कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे सांगणारे दोन, असे दहा बिट लागत. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे. दोन हजार अक्षरांचे एक टंकलिखित पान पडद्यावर उमटायला मिनिटाहून अधिक वेळ लागे. वाचणाऱ्याचा डोळा जवळजवळ त्याच गतीने पुढे सरकतो, त्यामुळे नुसत्या मजकुरासाठी हा वेग अगदीच असह्य नव्हता.

तंत्र असे तयार असताना ते घरात यायला पंधरा वर्षे लागली. याला एक कारण घरगुती संगणकच नव्हते हे. दुसरे कारण कायदेशीर होते. अमेरिकेतली टेलिफोन यंत्रणा जवळजवळ पूर्णपणे एटी अँड टीच्या हातात होती आणि कंपनीने दिलेल्या उपकरणाखेरीज दुसरे काहीही तिच्या तारेला जोडायला बंदी होती. टेलिफोनचे यंत्रसुद्धा कंपनीचे, ग्राहकाने ते फक्त भाड्याने वापरायचे. या बंदीला बगल देण्यासाठी ध्वनी-जोडणीची युक्ती निघाली: तारेला हात लावायचाच नाही. रबराच्या दोन वाट्या असलेल्या खोक्यात टेलिफोनचा रिसीव्हर पालथा ठेवायचा. खोक्यातला छोटा स्पीकर रिसीव्हरच्या बोलण्याच्या भागात स्वर सोडी आणि खोक्यातला मायक्रोफोन ऐकण्याच्या भागातून येणारे स्वर टिपी. रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने १९६४ मध्ये अशा जोडणीवरून टेलिप्रिंटर चालवून दाखवला. ऐकू न येणाऱ्या माणसांना टेलिफोनवरून लिहून बोलता यावे, हा त्याचा हेतू होता. संगणकांच्या जोडणीच्या इतिहासात हे नाव क्वचितच घेतले जाते, ते अधिक घेतले जायला हवे.

बंदीला मोठा तडा गेला तो १९६८ मध्ये. टेक्सासच्या थॉमस कार्टर या उद्योजकाने कार्टरफोन नावाचे उपकरण बनवले होते. तेलविहिरींवर आणि गुरांच्या कुरणांवर बिनतारी संचावर बोलणाऱ्या माणसाला टेलिफोनवरच्या माणसाशी जोडून देणे हे त्याचे काम. टेलिफोन कंपनीने त्याला हरकत घेतली. प्रकरण अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे गेले आणि यंत्रणेला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडता येईल, असा निकाल लागला. त्यानंतरही कंपनीने मध्ये स्वतःचे संरक्षक यंत्र लावण्याची अट घातली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदणीची सोपी पद्धत आली, तेव्हा तीही गेली. भिंतीतल्या छोट्या चौकोनी खाचेत टिचकी वाजवून बसणारे टेलिफोनचे प्लग त्याच नियमांतून सर्वत्र रूढ झाले. कार्टरच्या खटल्याशिवाय घरगुती मोडेमचा बाजार उभाच राहिला नसता.

१९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार संगणक अमेरिकन बाजारात आले. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी छोट्या संगणकांत बसणारे मोडेम बनवायला सुरुवात केली. १९८१ मध्ये त्यांनी काढलेल्या स्मार्टमोडेमने सगळे चित्र बदलले. त्याचा वेग जुनाच, ३०० बिट. त्याआधी मात्र माणसाने स्वतः नंबर फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकायची आणि मग घाईने रिसीव्हर वाट्यांत दाबून बसवायचा, असा रिवाज होता. स्मार्टमोडेम हे सगळे स्वतः करी. संगणकावरून त्याला एटीडीटी ही चार अक्षरे आणि पुढे नंबर पाठवला, की तो फोन उचली, डायलटोनची वाट पाही आणि नंबर लावी. एटीएच म्हटले की फोन ठेवी. जोडणी चालू असताना मोडेमशीच बोलायचे असेल, तर तीन अधिक चिन्हे पाठवायची आणि त्यांच्या मागे-पुढे एकेक सेकंद गप्प राहायचे. या गप्प बसण्यामुळेच मोडेमला कळे की ही चिन्हे पलीकडे पाठवायच्या मजकुरातली नाहीत. नंबर स्वरांऐवजी जुन्या तबकडीच्या ठोक्यांनी लावायचा असेल, तर शेवटच्या टीऐवजी पी. पुढे भारतात जुन्या एक्स्चेंजवरच्या ग्राहकांना हा पीच कामी आला. हेजची कंपनी १९९९ मध्ये मोडीत निघाली, तरी तिची ही आज्ञावली आजच्या मोबाइल जोडणीच्या चिपांमध्येही वापरात आहे.

स्मार्टमोडेमची किंमत २९९ डॉलर होती, म्हणजे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर. कमोडोर कंपनीने १९८२ मध्ये शंभर डॉलरच्या आतला विकमोडेम आणला आणि त्याचा खप दहा लाखांवर गेला. स्वस्ताईसाठी त्यातून नंबर लावण्याची सोय काढून टाकली होती. वापरणाऱ्याने टेलिफोनवरून नंबर फिरवायचा, शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची वळ्यावळ्यांची वायर रिसीव्हरमधून उपसायची आणि ती मोडेममध्ये खोचायची. हजारो मुलांनी आपल्या कमोडोर ६४वरून बाहेरच्या जगाशी पहिला संपर्क केला तो अशी वायर उपसून.

हा संपर्क इंटरनेटशी नव्हता, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवे. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट २९ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाला होता, आणि १ जानेवारी १९८३ पासून त्यावर टीसीपी/आयपी हे आजचे नियमही लागू झाले होते. त्यात प्रवेश मात्र विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि संरक्षण खात्याच्या कामातल्या कंपन्या यांनाच होता. घरच्या संगणकाला फोन करता येई तो दुसऱ्या एकाच संगणकाला. शिकागोत जानेवारी १९७८ मधल्या हिमवादळाने लोकांना घरात कोंडले, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी फोनवरून वाचता-लिहिता येणारा सूचनाफलक तयार केला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सुरू झाला. फोनची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच वाचक. तो गेला की दुसऱ्याचा फोन लागणार. तरीही असे हजारो फलक पुढच्या दशकात उभे राहिले.

क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये लिहिलेली एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत या काळाची उत्तम खूण आहे. टेलिफोनच्या तारेवर खरखर होई. बोलताना माणूस त्यातूनही अर्थ लावून घेतो, पण एखाद्या प्रोग्रॅममधला एक बिट जरी बिघडला तरी तो प्रोग्रॅम चालत नाही. म्हणून एक्समोडेम फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करी आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्याची बेरीज जोडी. घेणारा संगणक स्वतः बेरीज करून पाही. जुळली तर ‘मिळाले’ अशी खूण परत पाठवी, नाही जुळली तर तोच तुकडा पुन्हा मागवी. पद्धत संथ होती, पण पक्की होती. क्रिस्टेन्सनने ती कोणालाही फुकट वापरू दिली, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक घरगुती संगणकावर पोचली.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज याने फिडोनेट सुरू केले. फलकांचे संगणक रात्री, फोनचे दर उतरल्यावर, एकमेकांना आपणहून फोन करीत आणि साठलेली पत्रे पुढे ढकलीत. दिवसा लिहिलेले पत्र अशा रीतीने दोन-तीन रात्रींत दूरच्या गावी पोचे.

पैसे आकारून चालणाऱ्या सेवाही होत्या. ओहायोतल्या कोलंबस शहरातली कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी दिवसा मोठ्या कचेऱ्यांना आपल्या संगणकांचा वेळ भाड्याने देई. संध्याकाळनंतर ते संगणक रिकामे बसत. १९७९ पासून हा रिकामा वेळ तिने घरच्या ग्राहकांना तासाच्या दराने विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी द सोर्स ही सेवा आली. १९८५ मध्ये कमोडोर ६४साठी क्यू-लिंक निघाली. ती चालवणारी कंपनीच पुढे १९९१ मध्ये अमेरिका ऑनलाइन झाली. फ्रान्सच्या टपाल-तार खात्याने तर टेलिफोनधारकांना मिनिटेल नावाची छोटी यंत्रे फुकट वाटली आणि लाखो घरांत गाड्यांची वेळापत्रके, बँक आणि टेलिफोन डिरेक्टरी पडद्यावर आली. प्रत्येक सेवा म्हणजे स्वतंत्र वाडा होता. कॉम्प्युसर्व्हच्या ग्राहकाला सोर्सच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. कॉम्प्युसर्व्हवरून इंटरनेटवर ई-पत्र पाठवण्याची खिडकी उघडली ती १९८९ मध्ये.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन गावी बॅरी शाइन यांनी द वर्ल्ड नावाची कंपनी काढली आणि पैसे भरणाऱ्या कोणाही माणसाला फोनवरून इंटरनेटपर्यंत नेण्याचे काम सुरू केले. सामान्य घरांसाठी दार उघडले ते इथे. पण या दारातून घरचा संगणक आत जात नव्हता. ग्राहक फोन करून कंपनीच्या युनिक्स संगणकात शिरे. इंटरनेटवर असे तो कंपनीचा संगणक. घरचा संगणक फक्त त्याचा कळफलक आणि पडदा होई. याला शेल खाते म्हणत. पडद्यावर चित्र नाही, माऊस नाही, नुसत्या अक्षरांच्या ओळी. दूरच्या विद्यापीठातून एखादी फाइल आणायची, तर ती आधी कंपनीच्या संगणकावर उतरे. तिथून ती घरी आणायला पुन्हा एक्समोडेम किंवा त्याचा सुधारलेला भाऊबंद लावायचा. त्यातही दोष असा, की इंटरनेटवर ती फाइल काही सेकंदांत येई आणि घरी पोचायला अर्धा तास लागे.

घरचा संगणक स्वतःच इंटरनेटचा घटक व्हायचा, तर दोन गोष्टी हव्या होत्या. एक, टीसीपी/आयपीचे नियम पाळणारा प्रोग्रॅम त्या छोट्या संगणकात मावायला हवा. दोन, त्या नियमांनी बनलेली माहितीची पाकिटे टेलिफोनच्या तारेवरून नेण्याची रीत हवी. मोठ्या संगणकांसाठी लिहिलेले हे नियम छोट्या यंत्राला झेपणार नाहीत, असे अनेक जाणकारांना वाटे. एमआयटीतल्या एका गटाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएम पीसीवर ते चालवून दाखवले. फिल कार्न या हौशी रेडिओवाल्याने आपल्या बिनतारी संदेशांसाठी असाच प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला आपल्या रेडिओ परवान्याचे केए९क्यू हेच नाव दिले. ब्रिटनमध्ये जून १९९२ मध्ये महिना दहा पौंडांत सुरू झालेल्या डेमन इंटरनेटच्या ग्राहकांनी सुरुवातीला हाच प्रोग्रॅम वापरला. एका माणसाच्या छंदातून एका देशाच्या घरांना इंटरनेट मिळाले, हे विलक्षण आहे.

दुसऱ्या गरजेसाठी स्लिप नावाची पद्धत होती. १९८८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती इतकी साधी, की पाकीट संपले हे कळण्यासाठी त्याच्या शेवटी एक ठरावीक खूण जोडणे, यापलीकडे तीत जवळजवळ काहीच नव्हते. पाकीट बिघडले का, हे ती पाहत नसे. संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता कोणता, हेही ती सांगत नसे. तो ग्राहकाने कंपनीला विचारून हाताने भरायचा. त्यानंतर आलेल्या पीपीपी या पद्धतीने या उणिवा भरून काढल्या. फोन लागताच दोन्ही टोके आधी आपसांत अटी ठरवत, मग नाव आणि पासवर्ड तपासला जाई, आणि शेवटी कंपनी त्या वेळेपुरता एक आयपी पत्ता ग्राहकाच्या संगणकाला देई. फोन ठेवला की तो पत्ता दुसऱ्याला. थोड्या पत्त्यांत पुष्कळ ग्राहक सांभाळता येऊ लागले आणि सामान्य माणसाला आकडे भरत बसावे लागेना. पीपीपी लागला, की जगातला कोणताही संगणक त्या घरच्या संगणकाला थेट पाकीट पाठवू शके. घरचा संगणक इंटरनेटवर खऱ्या अर्थाने आला तो या क्षणी, आधी नाही.

बहुतेक घरांत तेव्हा विंडोज ३.१ होते आणि त्यात टीसीपी/आयपीची सोयच नव्हती. ही उणीव भरली टास्मानियातल्या होबार्टच्या पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉक या प्रोग्रॅमने. आधी वापरून पाहा, आवडला तर पैसे पाठवा, या बोलीवर तो दिलेला होता. मासिकांबरोबर येणाऱ्या चकत्यांवरून आणि इंटरनेट कंपन्यांच्या पाकिटांतून तो जगभर पसरला. पैसे पाठवले फार थोड्यांनी. १९९४ आणि १९९५ मध्ये लाखो घरे ज्या एका प्रोग्रॅमच्या आधारावर इंटरनेटवर आली, त्याच्या कर्त्याला मोबदल्याचा मोठा भाग मिळालाच नाही, हा अन्याय होता. २०११ मध्ये ही गोष्ट पुन्हा चर्चेत आली, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांनी आपणहून त्यांना देणग्या पाठवल्या.

एवढी खटपट करायला लोक तयार झाले ते वेबमुळे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सर्वांना खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझॅइक हा ब्राउझर लिहिला, आणि मजकुराशेजारी चित्रे दिसू लागली. शेल खात्यावर हे शक्य नव्हते, त्यासाठी घरच्या संगणकाला पूर्ण जोडणीच लागे. त्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी खर्चाने चाललेल्या मुख्य वाहिनीवरचे व्यापारी वापराचे निर्बंधही सैल होत गेले आणि ३० एप्रिल १९९५ रोजी ती वाहिनी बंद होऊन खासगी वाहिन्यांनी तिची जागा घेतली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये टीसीपी/आयपी आणि फोन लावण्याची सोय अंगभूत होती. ट्रम्पेट विनसॉकची गरज तिथे संपली.

चित्रे आली तसा वेग अपुरा पडू लागला. १०० किलोबाइटचे एक चित्र ३०० बिटच्या मोडेमवरून आणायला जवळजवळ तासभर लागला असता. तार तीच, पट्टा तोच, तरी त्यातून जास्त बिट नेण्यासाठी गणिताचा कस लागला. साध्या दोन स्वरांऐवजी स्वराची तीव्रता आणि त्याच्या लाटेची स्थिती या दोन्ही बदलून एकेका खुणेत अनेक बिट भरले जाऊ लागले. दोन्ही मोडेम एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलू लागले. प्रत्येकजण स्वतःचा परत येणारा प्रतिध्वनी ओळखून ऐकू आलेल्या आवाजातून वजा करी. वेग १,२०० झाला, २,४०० झाला, मग ९,६००, १९९१ मध्ये १४,४००, १९९४ मध्ये २८,८०० आणि त्यानंतर ३३,६०० बिट.

फोन लावताना ऐकू येणारा तो प्रसिद्ध गोंगाट म्हणजे या गणिताचीच पूर्वतयारी असे. आधी डायलटोन, मग नंबराचे स्वर. पलीकडचा मोडेम फोन उचलून २,१०० हर्ट्झची लांब शिट्टी देई. ती माणसासाठी नसून टेलिफोन यंत्रणेसाठी असे: लांबच्या कॉलवर प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे ती ऐकून बाजूला होत, नाहीतर त्यांनी एका बाजूचा आवाज दाबूनच टाकला असता. मग दोन्ही मोडेम आपल्याला काय काय जमते ते सांगत. त्यानंतर वेगवेगळ्या उंचीचे स्वर सोडून तारेची परीक्षा होई, कुठला स्वर मंद पोचतो, किती खरखर आहे, प्रतिध्वनी किती वेळाने येतो. शेवटचा फसफसणारा आवाज म्हणजे या मोजमापांवरून दोघांनी आपापली जुळणी करून घेणे. ती झाली की स्पीकर बंद होई. कान तयार झालेल्या वापरकर्त्याला नुसत्या आवाजावरून कळे की आज वेग चांगला मिळणार की नाही.

३३,६०० हा बोलण्याच्या पट्ट्याचा शेवट मानला जात होता. १९९७ मध्ये ५६ हजार बिटचे मोडेम आले ते एका हुशार निरीक्षणामुळे. एक्स्चेंज तोपर्यंत डिजिटल झाली होती. तिथे आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापे घेऊन प्रत्येकाचे आठ बिट केले जात, म्हणजे ६४,००० बिट. इंटरनेट कंपनी एक्स्चेंजला थेट डिजिटल तारेने जोडलेली असेल, तर तिच्याकडून घराकडे येताना आवाजात रूपांतर फक्त एकदाच, अगदी शेवटच्या टप्प्यावर होते. या वाटेने वेग वाढवता आला, पण एकाच दिशेने. घरून जाताना गती जुनीच राहिली. अमेरिकेत तारेवरच्या विजेच्या पातळीच्या नियमामुळे प्रत्यक्षात ५३,३०० बिटांपुढे जाताच येत नसे.

बोलण्याची तार वापरल्याचे परिणाम घरातही दिसत. इंटरनेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. दुसऱ्या खोलीतल्या समांतर फोनचा रिसीव्हर कोणी उचलला, की जोडणी तुटे आणि तासभर उतरत असलेली फाइल वाया जाई. कंपनीच्या बाजूलाही तीच मर्यादा होती: जितके मोडेम आणि जितक्या फोनलाइनी, तितकेच ग्राहक एका वेळी. सगळे एकदम येणार नाहीत या हिशेबावर धंदा चाले. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने तासाचा दर काढून महिना १९.९५ डॉलर असा सरसकट दर लावला आणि हा हिशेब कोसळला. लोक फोन ठेवेनात, आणि इतर ग्राहकांना दिवसेंदिवस एंगेज टोन ऐकावा लागला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गावातला कॉल मोजला जात नसे, म्हणून तिथे हे घडले. ब्रिटनमध्ये आणि भारतात फोनचे मीटर वेगळे पळत असे.

भारतात संशोधनसंस्थांचे अर्नेट हे जाळे १९८६ पासून उभे राहू लागले होते. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचे आयआयटी त्यात अग्रभागी होत्या आणि त्यांच्यातली सुरुवातीची ई-पत्रे डायल-अप मोडेमवरूनच गेली. सामान्य नागरिकाला जोडणी मिळाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सेवा सुरू केल्यावर. पुणे आणि बंगळूरलाही ती लवकरच आली. सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या २५० तासांसाठी व्यक्तिगत ग्राहकाला ५,००० रुपये पडत, व्यापारी संस्थांना त्याच्या कितीतरी पट. फोनचे बिल निराळे. आणि जिथे निगमाचे केंद्र नव्हते तिथल्या ग्राहकाला एसटीडीचा दर. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत मजकुरापुरते शेल खाते मिळे. अमेरिकेत मागे पडत चाललेली ती पद्धत इथल्या कित्येक तरुणांची पहिली ओळख ठरली. त्या काळातल्या उत्साही वापरकर्त्यांत मुंबईचे अभिनेते शम्मी कपूर होते आणि इंटरनेट वापरणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष झाले. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरले, की लाइनवर खरखर वाढे आणि मोडेम वेग उतरवत उतरवत शेवटी फोनच ठेवून देत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती १९९८च्या अखेरीस, आणि त्यानंतर दर झपाट्याने उतरले.

डायल-अपला मागे टाकणारी डीएसएल पद्धत बहुतेक घरांत त्याच तांब्याच्या तारेवरून आली. अडथळा तारेचा नव्हताच. तो एक्स्चेंजमधल्या, बोलण्यापुरता पट्टा ठेवणाऱ्या गाळण्यांचा होता. डीएसएलने बोलणे खालच्या पट्ट्यात राहू दिले आणि ४ हजार हर्ट्झच्या वरचा मोकळा पट्टा संगणकासाठी घेतला. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले, जोडणी चोवीस तास राहू लागली, आणि नंबर लावण्याची गरज उरली नाही. टीव्हीच्या केबलवरून आणि नंतर प्रकाशतंतूंवरून आलेल्या जोडण्यांनी तांब्याची तारही मागे टाकली. तरी अमेरिकेतल्या दूरच्या खेड्यांत काही घरे मोडेमवरच होती. अमेरिका ऑनलाइनने आपली डायल-अप सेवा बंद केली ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी.